आभासी सर्व्हर : जागा भाड्याची, जबाबदारी स्वतःची

बेंगळुरूतील एखाद्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर भाड्याने घेणे ही आज काही मिनिटांची बाब झाली आहे. नाव नोंदवावे, कार्डाने पैसे भरावेत, शहर निवडावे, की पडद्यावर एक आयपी पत्ता उमटतो आणि दूरवरचा एक संगणक नव्या ताबेदाराच्या आज्ञेची वाट पाहू लागतो. सर्वांत लहान योजनेचे महिन्याचे भाडे चारशे-पाचशे रुपयांच्या घरात असते. हा खर्च पाहून अनेक विद्यार्थी, लहान उद्योजक, वाचनालये आणि शाळा या वाटेला वळतात.

अडचण त्यानंतर सुरू होते. सर्व्हर मिळाला म्हणजे केवळ रिकामी जागा मिळाली. तिला कुलूप लावणे, तिची डागडुजी करणे आणि आत ठेवलेल्या ऐवजाची दुसरी प्रत अन्यत्र सांभाळणे, ही सर्व कामे भाडेकरूची असतात. डेटा सेंटरची कंपनी वीज, वातानुकूलन, इंटरनेटची जोडणी आणि यंत्रे यांची काळजी घेते. सर्व्हरच्या आत काय चालले आहे, याची जबाबदारी ती सहसा घेत नाही. नवशिक्यांचे बहुतेक नुकसान ही सीमारेषा ठाऊक नसल्यामुळे होते.

उदाहरण म्हणून तालुक्याच्या गावातील एका जुन्या वाचनालयाची कल्पना करावी. वाचनालयाकडे शंभर वर्षांच्या इतिवृत्तांच्या वह्या आणि सभासदांनी काढलेले हस्तलिखित अंक आहेत. कागदाला वाळवी लागली आहे. गावचाच, पण बेंगळुरूत नोकरी करणारा एक तरुण सुटीत येऊन सर्व पानांची छायाचित्रे घेतो आणि ती संकेतस्थळावर ठेवण्याचे ठरवतो. कागद पुढील दहा वर्षांत नाहीसा होईल आणि मग ही छायाचित्रेच मूळ ठरतील. असा ऐवज ज्या सर्व्हरवर ठेवायचा, तो कसा सांभाळावा, हा या लेखाचा विषय आहे.

एका यंत्रात अनेक बिऱ्हाडे

आभासी सर्व्हर म्हणजे एका मोठ्या संगणकाचे केलेले विभाग होत. चाळीची इमारत एक, पाया एक, पाण्याची टाकी एक. पण प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे दार आणि स्वतःचे कुलूप असते. तसेच येथेही घडते. एका शक्तिशाली यंत्राची प्रक्रियाशक्ती, स्मृती आणि साठवण 'हायपरवायझर' नावाची आज्ञावली वाटून देते. प्रत्येक ग्राहकाला आपला संगणक स्वतंत्र आहे असेच भासते. त्यावर तो हवी ती कार्यप्रणाली चालवू शकतो, ती बंद करू शकतो किंवा पुसूनही टाकू शकतो. शेजाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. मात्र टाकी एकच असल्याने शेजारच्या बिऱ्हाडाने नळ सतत सोडला, तर आपली धार बारीक होऊ शकते. स्वस्त योजनांमध्ये सर्व्हर कधीकधी अकारण संथ वाटतो, त्याचे एक कारण हे असते.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या महागड्या संगणकांवर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे म्हणून असे विभाजन प्रत्यक्षात आणले आणि १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' ही प्रणाली ग्राहकांना दिली. सामान्य संगणकांवर ते शक्य करण्याचे काम व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये केले. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून 'झेन' ही मुक्त प्रणाली आली. २००६ मध्ये ॲमेझॉनने तासाच्या हिशेबाने संगणक भाड्याने देणारी 'ईसी२' सेवा सुरू केली. २००७ च्या फेब्रुवारीत 'केव्हीएम' लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाले. त्यामुळे विभाजनाचा खर्च घटला आणि कोट्यवधींच्या यंत्रांपुरती असलेली सोय विद्यार्थ्याच्या खिशाला परवडू लागली.

बेंगळुरू कशासाठी?

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने १९८५ मध्ये बेंगळुरूत केंद्र उघडले आणि उपग्रहामार्फत माहिती परदेशी पाठवण्याची सोय उभी केली. १९९१ मध्ये केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली, तेव्हा तिच्या आरंभीच्या केंद्रांत हे शहर होते. परंतु भारतीय संकेतस्थळे चालवणारे सर्व्हर पुढेही दीर्घकाळ अमेरिकेत किंवा सिंगापुरातच असत. चित्र पालटले ते २०१५-१६ च्या सुमारास. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथून क्लाउड सेवा सुरू केली. ॲमेझॉनची मुंबईतील सेवा २०१६ मध्ये आली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या डिजिटलओशन या कंपनीने बेंगळुरूत आपले डेटा सेंटर सुरू केले. लहान विकासकांना कमी भाड्यात आभासी सर्व्हर देणारी म्हणून ही कंपनी ओळखली जात असल्याने नवशिक्यांच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे ठरले.

सर्व्हर जवळ असल्याचा लाभ भौतिकशास्त्राच्या साध्या नियमाने कळतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते बेंगळुरू हे सरळ अंतर सुमारे ८४० किलोमीटर आहे. म्हणजे निरोप जाऊन परत येण्यास किमान आठ-नऊ सहस्रांश सेकंद लागतात. बेंगळुरू ते न्यूयॉर्क हे अंतर तेरा हजार किलोमीटरहून अधिक असल्याने तेथे किमान १३० सहस्रांश सेकंद जातात. प्रत्यक्षात तार सरळ जात नाही आणि वाटेत अनेक थांबे असतात, म्हणून दोन्ही आकडे वाढतात. एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकासाठी मुंबई, पुणे किंवा बेंगळुरू यांपैकी कोठेही ठेवलेला सर्व्हर परदेशातील सर्व्हरपेक्षा चपळ वाटतो.

घेण्यापूर्वी

पहिला प्रश्न आकाराचा असतो. वाचनालयासारख्या लहान संकेतस्थळाला एक गिगाबाइट स्मृती आणि २५ गिगाबाइट साठवण आरंभी पुरते. मात्र छायाचित्रांचा संग्रह वाढणार असेल, तर तो वेगळ्या साठवण सेवेत ठेवणे स्वस्त पडते. आकार पुढे वाढवणे सोपे असते. घेतलेली साठवण कमी करणे मात्र बहुधा शक्य नसते. म्हणून आरंभ लहान योजनेने करावा.

दुसरा प्रश्न कार्यप्रणालीचा. नवशिक्यांनी उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती किंवा डेबियनची स्थिर आवृत्ती निवडावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. उदाहरणार्थ, एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या २४.०४ या आवृत्तीला २०२९ पर्यंत त्या मिळणार आहेत. जुन्या पुस्तकांत आणि शिकवण्यांत 'सेंटओएस ७' चा उल्लेख अजून आढळतो. तिचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला असल्याने नव्या कामासाठी ती घेऊ नये.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. जाहिरातीतील दर बहुधा डॉलरमध्ये असतो. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि चलनाच्या दराप्रमाणे देयक बदलते. अनेक कंपन्यांकडे सर्व्हर नुसता बंद करून ठेवला तरी भाडे चालूच राहते, कारण जागा आणि आयपी पत्ता राखून ठेवलेला असतो. भाडे थांबवण्यासाठी सर्व्हर कायमचा काढून टाकावा लागतो. हे न कळल्यामुळे वापरात नसलेल्या सर्व्हरचे देयक महिनोन्महिने भरणारे ग्राहक कमी नाहीत.

पहिला तास

नवा सर्व्हर इंटरनेटवर आला की काही मिनिटांतच त्याच्या दारावर थापा पडू लागतात. यामागे कोणाचे वैर नसते. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सुमारे ४३० कोटी आहेत. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये 'झेडमॅप' हे साधन तयार करून एका साध्या संगणकावरून हे सर्व पत्ते पाऊण तासात तपासून दाखवले. तसलीच साधने चोरांच्याही हाती आहेत. गावकुसाबाहेरचे एकटे घर म्हणून कोणी सुटत नाही, कारण प्रत्येक दाराची कडी यंत्र आपोआप वाजवून पाहते.

म्हणून पहिल्या तासात चार कामे उरकावीत.

पहिले काम किल्लीचे. सर्व्हरशी दुरून बोलण्याच्या मार्गाला एसएसएच म्हणतात. फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये तो तयार केला. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत असल्याचे उघड झाले होते. एसएसएचमध्ये संभाषण सांकेतिक स्वरूपात जाते. पासवर्डाऐवजी त्यात किल्ल्यांची जोडी वापरता येते. सार्वजनिक किल्ली कुलपासारखी असते. ती सर्व्हरवर लावायची. खासगी किल्ली खऱ्या किल्लीसारखी स्वतःच्या संगणकावरच ठेवायची. ती कोणालाही पाठवू नये, ई-पत्रातही ठेवू नये, आणि तिला स्वतंत्र परवलीचे वाक्य लावावे. किल्ली चालू झाल्याची खात्री पटल्यावर पासवर्डाने आत येण्याची वाट बंद करावी. त्यानंतर यंत्राने लाखो पासवर्ड घालून पाहिले तरी ते निष्फळ ठरतात.

दुसरे काम वेगळ्या खात्याचे. लिनक्समध्ये 'रूट' या खात्याला सर्व अधिकार असतात. त्याच्या आज्ञेला कोणी 'खात्री आहे का?' असे विचारत नाही. एक अक्षर चुकले, तर संपूर्ण साठा पुसला जाऊ शकतो आणि पुसलेले परत आणण्यासाठी येथे केराची टोपली नसते. म्हणून रोजच्या कामासाठी साधे खाते उघडावे आणि गरज पडेल तेव्हाच 'सुडो' या आज्ञेने अधिकार घ्यावा. त्यामुळे प्रत्येक धोक्याच्या कामापूर्वी क्षणभर थांबण्याची सवय लागते.

तिसरे काम दुरुस्त्यांचे. सर्व्हर ज्या साच्यातून तयार होतो, तो काही आठवडे किंवा महिने जुना असू शकतो. म्हणून प्रथम सर्व आज्ञावल्या अद्ययावत कराव्यात आणि सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतील अशी व्यवस्था चालू करावी.

चौथे काम फायरवॉलचे, म्हणजे पहारेकऱ्याचे. संगणकाला हजारो दारे असतात आणि त्यांना पोर्ट म्हणतात. लहान संकेतस्थळाला त्यांपैकी तीनच लागतात : एसएसएचसाठी २२ आणि संकेतस्थळासाठी ८० व ४४३. उरलेली बंद ठेवावीत. माहितीसाठ्याचे, म्हणजे डेटाबेसचे दार तर बाहेरच्या जगाला कधीच उघडू नये.

येथे नवशिक्यांची एक ठरलेली फजिती होते. २२ क्रमांकाचे दार उघडे ठेवण्याचा नियम देण्यापूर्वीच फायरवॉल चालू केली जाते आणि मालक स्वतःच बाहेर अडकतो. यावर उपाय साधा आहे. किल्ली किंवा फायरवॉल यांत बदल करताना चालू जोडणी बंद करू नये. दुसरी खिडकी उघडून नव्याने आत जाता येते का, ते पाहावे आणि मगच पहिली मिटवावी. तरीही अडकल्यास कंपनीच्या संकेतस्थळावरून सर्व्हरचा पडदा थेट उघडण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. ती कोठे आहे, हे आधीच पाहून ठेवावे.

चोराला काय हवे असते?

'आमच्या वाचनालयाच्या वह्या चोरून कोणाला काय मिळणार?' असा प्रश्न विचारला जातो. चोराला वह्या नको असतात. त्याला यंत्र हवे असते. ताब्यात आलेला सर्व्हर फसवी ई-पत्रे पाठवण्यासाठी, इतरांवर हल्ला करण्यासाठी किंवा आभासी चलन कमावण्यासाठी राबवला जातो. अशा वेळी तक्रार त्या आयपी पत्त्याच्या धन्याविरुद्ध येते. कंपनी सर्व्हर तोडते आणि आतला ऐवजही अडकून पडतो.

दुरुस्त्यांचे महत्त्व २०२४ मधील एका घटनेने ठळक झाले. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने आत शिरण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. कारण शोधताना 'एक्सझेड' या मुक्त आज्ञावलीच्या दोन ताज्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदार पेरल्याचे त्यांना आढळले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. त्या आवृत्त्या तोपर्यंत मुख्यतः चाचणीच्या प्रणालींपर्यंतच पोहोचल्या होत्या. डेबियन आणि उबुंटूच्या स्थिर आवृत्त्या वापरणारे बचावले. सर्वांत नवे ते सर्वांत चांगले, हा समज सर्व्हरच्या बाबतीत लागू पडत नाही. स्थिर आवृत्ती निवडणे आणि तिच्या दुरुस्त्या वेळेवर घेणे, ही दोन्ही पथ्ये एकत्र पाळावी लागतात.

संकेतस्थळ आणि मराठी अक्षरे

पाया तयार झाल्यावर संकेतस्थळ दाखवणारी आज्ञावली बसवायची. २००४ मध्ये रशियातील इगोर सिसोएव्ह यांनी खुली केलेली 'एनजिनएक्स' आणि त्याहून जुनी 'अपाची' या दोन्ही यासाठी प्रचलित आहेत. त्यानंतर नाव घ्यावे लागते. देवनागरीतील '.भारत' हे क्षेत्रनाम ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध असून मराठीतही पत्ता नोंदवता येतो. नाव आणि आयपी पत्ता यांची सांगड घातली, की वाचक संकेतस्थळापर्यंत पोहोचू लागतो.

संभाषण सांकेतिक करणारे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा २०१५ पासून विनामूल्य देते. तिची प्रमाणपत्रे आरंभापासून ९० दिवसांची राहिली. प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवून मार्च २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणण्याचा निर्णय या क्षेत्रातील संस्थांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. मुदत संपत आल्याची आठवण करून देणारी ई-पत्रे लेट्स एन्क्रिप्टने २०२५ च्या जूनमध्ये बंद केली. तेव्हा नूतनीकरण यंत्राकडेच सोपवावे आणि ते खरोखर होते की नाही, हे पडताळावे.

मराठी मजकुरासाठी एक स्वतंत्र दक्षता आवश्यक आहे. संगणकात अक्षरे साठवण्याच्या 'यूटीएफ-८' या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत. म्हणजे तो पंधरा बाइटचा होतो. 'मायएसक्यूएल' या प्रचलित माहितीसाठ्याची मूळ लिपी-व्यवस्था २०१८ मधील आठव्या आवृत्तीपर्यंत युरोपीय अक्षरांपुरती होती. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात मराठी मजकूर भरला, तर त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठू शकते. ही चूक दिसण्यापुरती नसते, कारण मूळ अक्षरे साठवलीच गेलेली नसतात. ती पुढे कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. म्हणून मजकूर भरण्यापूर्वी 'यूटीएफ८एमबी४' ही व्यवस्था निवडलेली आहे ना, हे पाहावे. शिवाय एक जोडाक्षरयुक्त परिच्छेद भरून तो परत वाचावा.

दुसरी प्रत कोठे आहे?

१० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या पाच मजली डेटा सेंटरला आग लागली. कोणालाही इजा झाली नाही, पण ती इमारत पूर्ण जळाली आणि शेजारच्या इमारतीचा काही भाग गेला. असंख्य संकेतस्थळे एका रात्रीत बंद पडली. ज्यांची राखीव प्रत दुसऱ्या शहरात होती, ते काही काळाने पुन्हा उभे राहिले. ज्यांची प्रतही त्याच परिसरात होती, त्यांतील काहींचा साठा कायमचा गेला.

दुसरी घटना आगीविना घडली. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने रात्री उशिरा दुरुस्ती करताना चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. ती थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली होती. कंपनीकडे राखीव प्रतीच्या पाच पद्धती होत्या. त्यांतील एकही नीट चालत नव्हती, किंवा चालू केलेलीच नव्हती, असे त्या रात्री लक्षात आले. सुमारे सहा तास आधी चाचणीसाठी सहज घेतलेल्या एका प्रतीमुळे बहुतांश माहिती वाचली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या. कंपनीने ही सारी हकीकत स्वतःच जाहीर केली, त्यामुळे ती इतरांना धडा म्हणून उपलब्ध झाली.

या दोन घटनांतून दोन नियम निघतात. पहिला असा की, ऐवजाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी वेगळ्या ठिकाणी असावी. कंपनीची 'स्नॅपशॉट' सेवा उपयोगी असते, पण ती त्याच कंपनीच्या, बहुधा त्याच शहरातील यंत्रांवर असते. खाते बंद झाले, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच जातात. बेंगळुरूतील सर्व्हरची एक प्रत वाचनालयाच्या कपाटातील साध्या हार्ड डिस्कवर असणे हा स्वस्त आणि भक्कम विमा होय. 'आरसिंक' नावाचे साधन केवळ बदललेल्या फायली उतरवून घेते, त्यामुळे मंद जोडणीवरही हे जमते.

दुसरा नियम असा की, परत उभारून पाहिली नाही ती राखीव प्रत नव्हे. तीन महिन्यांतून एकदा एका तासासाठी नवा सर्व्हर घ्यावा, त्यावर प्रतीवरून संकेतस्थळ उभे करावे, मराठी अक्षरे नीट दिसतात का ते पाहावे आणि तो सर्व्हर काढून टाकावा. तासाच्या हिशेबाने याचा खर्च चहाच्या पेल्याइतकाही येत नाही.

वेळ, नोंदी आणि कायदा

नव्या सर्व्हरचे घड्याळ सहसा जागतिक प्रमाणवेळेवर असते आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. पहाटे दोन वाजता म्हणून लावलेले राखीव प्रतीचे काम अशा घड्याळाप्रमाणे भारतात सकाळी साडेसातला सुरू होते. सर्व्हर जागतिक वेळेवरच ठेवावा की भारतीय, याबद्दल मतभेद आहेत. पण कोणती वेळ चालू आहे, हे ठाऊक असलेच पाहिजे.

याला कायद्याचीही बाजू आहे. संगणक सुरक्षेसाठीच्या 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यानुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटरे, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवणे आवश्यक आहे. यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपणे, तसेच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी घड्याळे जुळवणे हेही त्यात आले. आभासी सर्व्हर देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क आणि सेवा घेण्याचा हेतू यांची नोंद पाच वर्षे ठेवावी लागते. म्हणून नोंदणीच्या वेळी ओळखीची कागदपत्रे मागितली, तर त्यात वावगे काही नाही. संकेतस्थळ सभासदांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक गोळा करत असेल, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही विचार करावा लागतो. सोपा मार्ग असा की, ज्या माहितीची गरज नाही ती मागूच नये.

दर महिन्याचा रिवाज

सर्व्हर एकदा उभा केला की तो विसरला जातो आणि पुढचे दुखणे तेथूनच सुरू होते. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते. नोंदींच्या फायली वाढत जाऊन साठवण काठोकाठ भरते आणि माहितीसाठा नवी नोंद घेण्याचे नाकारतो. स्मृती कमी पडली, तर लिनक्सचा गाभा स्वतःच एखादी आज्ञावली बंद करतो. ती बहुधा सर्वांत मोठी, म्हणजे नेमकी माहितीसाठ्याचीच असते. म्हणून महिन्यातून एकदा साठवण किती उरली, दुरुस्त्या बसल्या का, पुन्हा सुरू करण्याची सूचना आली आहे का आणि शेवटची राखीव प्रत कोणत्या तारखेची आहे, या चार गोष्टी पाहाव्यात. केलेला प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहावा. सहा महिन्यांनी ती वहीच सर्वांत मोठी मदत ठरते.

काही अडले की कोठेतरी सापडलेली आज्ञा तशीच चिकटवण्याचा मोह होतो. 'परवानगी नाही' असा निरोप आला म्हणून सर्व फायली सर्वांना खुल्या करणारी '७७७' ही परवानगी देणे, हा त्यातला नेहमीचा प्रमाद. दार उघडत नाही म्हणून भिंतच पाडण्यासारखे ते आहे. आज्ञेचा अर्थ कळल्याशिवाय ती देऊ नये.

किल्ली कोणाकडे?

तांत्रिक दोषांइतकाच एक माणसांचा दोष घातक ठरतो. वाचनालयाचा सर्व्हर त्या तरुणाच्या खासगी ई-पत्त्यावर आणि त्याच्याच कार्डावर घेतलेला असतो. तो परदेशी जातो, कार्डाची मुदत संपते, भाडे थकल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ई-पेटीत पडून राहतात आणि ठरलेल्या मुदतीनंतर कंपनी सर्व्हर काढून टाकते. यात कोणीही हल्ला केलेला नसतो, कोणाचा हेतूही वाईट नसतो. तरी शंभर वर्षांच्या वह्या जातात.

म्हणून खाते संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या ई-पत्त्यावर असावे. आत जाण्याच्या किल्ल्या किमान दोघांकडे, पण प्रत्येकाची वेगळी असावी. म्हणजे एक जण गेला की त्याचीच काढता येते. क्षेत्रनाम कोठून घेतले, त्याची मुदत केव्हा संपते आणि राखीव प्रत कोणत्या कपाटात आहे, हे एका कागदावर लिहून तो कार्यवाहांच्या दप्तरात ठेवावा. विश्वस्त मंडळाच्या वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर हा कागदही वाचला जावा.

ज्यांना महिन्याचा हा एक तास देणे शक्य नाही, त्यांनी आभासी सर्व्हर घेऊ नये, हेही तितकेच खरे. सर्व देखभाल कंपनीच करते अशा सेवा थोड्या महाग, पण उपलब्ध आहेत आणि केवळ काही पाने दाखवायची असतील, तर त्या पुरेशा ठरतात. शिकण्यासाठी मात्र आभासी सर्व्हरसारखी दुसरी शाळा नाही. तेथे वाटेल ते मोडावे, पुसावे आणि दहा मिनिटांत पुन्हा पहिल्यापासून मांडावे. अट एकच : जे पुन्हा मिळणार नाही, ते त्या शाळेत एकटे ठेवू नये.